ज्याची मशीन, त्याच्या हाती

रागिणीने माझ्या घरात पहिला नियम केला, तेव्हा मला कोणी विचारले नव्हते.

रागिणी ही माझी नातसून. मूळची हिंगोलीची. संगणक दुरुस्तीचा डिप्लोमा करून ती माझ्या नातवाच्या, माऊलीच्या संसारात आली आणि वर्षाच्या आत वारंगा फाट्यावरच्या आमच्या घराची पुढची खोली तिने मागून घेतली. त्या खोलीत पूर्वी माझ्या यजमानांचे खत-बियाण्यांचे दुकान होते. त्यांच्या मागे ती सात वर्षे कुलपात होती. मी खोली दिली. देताना एवढेच बजावले, की दुकान तुझे असले तरी ओटा माझा आहे. ती हसून "व्हय, आजी" म्हणाली. तिच्या 'व्हय'मध्ये होकार असतोच असे नाही, हे मला पुढे कळले.

ओट्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. फाट्यावर नांदेडची, हिंगोलीची आणि यवतमाळची वाट एकत्र येते आणि आसपासच्या गावांची माणसे इथेच उतरतात, इथेच चढतात. एकाने इथे वस्तू ठेवायची आणि त्या गावाकडे जाणाऱ्या दुसऱ्याने ती न्यायची, ही रीत यजमानांच्या काळापासून चालत आली. औषधाच्या बाटल्या, लग्नपत्रिका, शिवून झालेले झंपर, चष्मे माझ्या ओट्यावरून गावोगाव गेले आहेत. डोंगरकड्याच्या एका म्हाताऱ्याची कवळी तर तीन दिवस माझ्या कोनाड्यात होती. चिठ्ठी नाही, सही नाही. माणूस कोणत्या गावचा आणि कोणाच्या घरचा, एवढे मी पाहायचे आणि वस्तू सोपवायची. बेचाळीस वर्षांत एक वस्तू इकडची तिकडे झाली नाही. लोक मला मोठ्या बाई म्हणतात ते उगीच नव्हे.

आणि या घराच्या भिंतीवर रागिणीने छापील कागद चिकटवला: "ज्याची मशीन, त्याच्याच हाती. चिठ्ठी दाखवावी."

"काहून हे?" मी विचारले. "वळखीच्या माणसाला चिठ्ठी मागायची? लोक काय म्हणतील?"

"आजी, मशीन म्हंजे जेवणाचा डबा न्हाई. तिच्यात माणसाचं सगळं असतं."

"कवळीत न्हवतं का माणसाचं सगळं? त्या म्हाताऱ्याला तीन दिवस भाकर चावता आली न्हाई."

ती पोट धरून हसली, पण कागद काढला नाही.

त्या नियमापायी मागच्या दिवाळीत एक गुरुजी रागावून गेले. मुलीचा फोन घेऊन आले होते. ती कोणाशी बोलते ते त्यांना वाचायचे होते. रागिणीने फोन त्यांच्या हातात परत ठेवला आणि मुलीला घेऊन या म्हणाली. "मी बाप आहे तिचा," असे ते गरजले. रागिणी म्हणाली, "म्हणूनच तिला इचारा, सर. मला काहून इचारता?" मी तेव्हा तिला आत बोलावून खूप बोलले. मोठ्या माणसाला उलट उत्तर द्यायचे हे वळण आमच्या घरचे नव्हे. ती ऐकून घेत राहिली. ऐकून घेणे आणि ऐकणे यांत फरक असतो, हेही मला तिच्याकडूनच शिकावे लागले.

तिची आणखी एक पद्धत होती. मशीन आली की मालकाला पावतीची चिठ्ठी द्यायची, मशीनच्या पाठीवर पांढरी कागदी टेप लावायची आणि त्यावर नाव, गाव, बिघाड आणि सर्वांत खाली इंग्रजीत काही अक्षरे-आकडे लिहायचे. एका वेळी दहा-दहा मशिनी. खूण नसेल तर घोळ होतो. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. ती इंग्रजी ओळ मी दुकानाची काही खूण समजत असे.

शेतातली हळद काढून शिजवायचे दिवस होते. अशाच एका बुधवारी सकाळी सीमा आली. पंचविशीची, नीटनेटकी, हातात भाजीची पिशवी. पिशवीत वर मेथीच्या चार जुड्या आणि खाली लॅपटॉप. मला वाटले, पोरगी वस्तू जपणारी दिसते.

"कुणाची गं तू?" मी ओट्यावरून विचारले.

"कुरुंद्याची."

"कुरुंदा काय एका घराचं हाय? कुणाच्या घरची?"

ती जराशी थांबली. "सोनाजीरावांची सून."

"असं सांग की! सोनाजीराव आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या लग्नाचं वऱ्हाड याच ओट्यावर पाणी पिऊन गेलं. आन माहेर कुठलं तुजं?"

"साखरा. सेनगावकडचं."

एवढे सांगून ती झटकन आत गेली. दोघींचे बोलणे मला ओट्यावर ऐकू येत होते.

"ताई, चालूच व्हईना. आतलं काही जाणार तर न्हाई ना?"

"न्हाई जात. आधी आतल्याची नक्कल माझ्या कॉम्प्युटरवर काढून ठेवते, मंग हात लावते. मशीन तुज्या हाती गेली की नक्कल पुसून टाकते. पासवर्ड सांग. शुक्रवारपर्यंत व्हईल."

"मी रविवारी येईन. माहेरी जाते म्हणून निघता येतंय. सोमवारी लागतंय मला."

"झाल्यावर फोन करू का?"

"नका करू. फोन नका करू, ताई."

हे शेवटचे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले. ते ऐकूनही माझ्या मनात काही आले नाही, हे मी लपवणार नाही. सुनांनी फोनवर फार बोलू नये असे माझे मत आहे; मला ते वाक्य शहाणपणाचे वाटले.

शुक्रवारी दुपारी मी रागिणीला चहा द्यायला आत गेले, तेव्हा तो लॅपटॉप चालू झाला होता. पडद्यावर सरकारी शिक्क्याचा एक कागद उघडा होता. माझी चाहूल लागताच रागिणीने झाकण मिटले.

"काय व्हतं गं?"

"दुसऱ्याच्या मशिनीत काय हाय ते दिसतं, आजी. बघायचं नसतं."

"म्या इचारलं तरी?"

"तुमी इचारलं तरी."

माझ्या हातचा चहा पिऊन मला असे उत्तर! मी कप उचलला आणि बाहेर आले. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते ध्यानात तरी आले की नाही, कोण जाणे. ती आत गाणे गुणगुणत स्क्रू पिळत होती.

शनिवारी सकाळी माऊली आणि रागिणी पिकअप घेऊन नांदेडला सामान आणायला गेले. दुकानाला कुलूप नव्हते. मी असताना कुलपाची गरज काय? अकराच्या सुमारास समोरच्या टपरीवर सोनाजीराव दिसले. हळद शिजवायच्या बॉयलरची नळी फुटली म्हणून नवी घ्यायला फाट्यावर आले होते. धोतरावर हळदीचे डाग, खांद्यावर रबरी नळीचे वेटोळे. मी हाक मारली. ते रस्ता ओलांडून आले, पायऱ्यांशी वाकले. मी चहा दिला. बोलता बोलता मला आठवण झाली.

"बरं झालं आलात. तुमच्या सुनेची मशीन तयार हाय. घेऊनच जा. उगा पोरीला एसटीचा हेलपाटा कशाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "कोणती मशीन?"

"लॅपटॉप हो. बुधवारी टाकून गेली न्हाई का?"

"आमच्या सीमाचा? त्यो तर कवाच बिघडला म्हणून पेटीत ठिवलाय म्हणे." मग ते हळूच म्हणाले, "आमाला न्हाई सांगितलं तिनं."

इथे मी थांबायला हवे होते. त्यांचा चेहरा पालटलेला मी पाहिला होता. पण वस्तू नेता का, असे मी माझ्या तोंडाने विचारून बसले होते, आणि ओट्यावरून पुढे केलेला हात मी आजवर कधी मागे घेतलेला नाही. भिंतीवरचा कागद मला दिसत होता. त्या कागदाचा राग माझ्या मनात होता, हेही खरे. मी आत गेले, नाव-गाव वाचले, लॅपटॉप आणून त्यांच्या हाती दिला.

"हे काय लिवलंय?" त्यांनी टेपवर बोट ठेवले.

"कामाची खूण असती ती."

रागिणी तीनच्या सुमाराला परतली. सामान ठेवले, फळीकडे पाहिले आणि तिथूनच ओरडली, "आजी, सीमाची मशीन?"

"दिली. सोनाजीरावांपाशी. सकाळी आल्ते."

ती बाहेर आली. "आजी, कुणाला इचारून दिली?"

"माझ्या ओट्यावरून वस्तू द्यायला मी कुणाला इचारू? सासरा हाय तिचा. चोर न्हाई."

"टेपवर पासवर्ड व्हता, आजी."

"म्हंजे?"

"म्हंजे कुलूप आन किल्ली तुमी एकाच हातात दिली."

मग मला जे सुचले ते बोलले. "किल्ली कुलपाला बांधून कोण ठिवतं? मी का तू?"

तिने मान खाली घातली. "मी. ती चूक माजीच हाय. टेपवर लिहायलाच नको व्हतं." एवढे बोलून ती सीमाला फोन लावू लागली. बंद. पुन्हा लावला. बंद.

मी तिची चूक तिच्या पदरात टाकली होती आणि तिने ती घेतलीही होती. तरी माझे मन हलके होईना. "असं काय हाय त्यात?" मी विचारले. "प्रेमप्रकरण हाय का?"

"न्हाई."

"मंग काय? मला सांग. मी आत्ता माऊलीला घेऊन कुरुंद्याला जाते आन बराबर करते. तुज्याकडं नक्कल हाय ना? बघून सांग."

"नक्कल हाय. मशीन मालकिणीच्या हाती गेली न्हाई, म्हणून पुसली न्हाई. पण ती उघडून तुमाला सांगायचा हक मला न्हाई."

"अगं, आग लागल्यावर पाण्याला हक इचारतात का?"

"तिनं सासरच्यांपासून जे लपवलं, ते मी तिला न इचारता अजून एका माणसाला सांगू? आन त्यांनी उघडलंच नसंल तर? तुमी जाऊन बोलल्यावरच कळायचं त्यांना."

तिने सीमाला पुन्हा एकदा फोन लावून पाहिला. "मला बी बराबर समजून न्हाई राहिलं, आजी," ती म्हणाली. "सांगितलं तरी घात, न्हाई सांगितलं तरी घात. पण सांगितलेलं परत घेता येत न्हाई."

माझा संताप अनावर झाला. चूक मी केलेली, निस्तरायला मी तयार, आणि काय निस्तरायचे ते ही पोरगी मला सांगेना! मी माझ्या आयुष्यात तीन सुना, चार जावई आणि एक ग्रामपंचायत सरळ केली. पण गप्प बसणाऱ्या माणसापुढे माझा इलाज चालत नाही. शनिवारचा तो उरलेला दिवस असाच वाया गेला. तो वाया गेला म्हणूनच पुढची सगळी घाई झाली, हे माझे मत आजही कायम आहे.

रविवारी सकाळी आठ वाजता सोनाजीरावांची मोटारसायकल ओट्यासमोर थांबली. लॅपटॉप पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता. त्यांनी चपला काढल्या, मला नमस्कार केला आणि रागिणीला म्हणाले, "ह्यातलं समदं पुसून द्या, ताई. मुळासकट. मी एक कागद काढून टाकलाय, पण त्यो गेला का न्हाई, ते मला समजंना."

"मशीन सीमाची हाय, काका. ती आली तर तिला इचारून करीन."

"ती येत नसती आता." ते माझ्याकडे वळले. "मोठ्या बाई, तुमचे लई उपकार झाले. तुमी मशीन दिली नसती तर आमाला कळलंच नसतं. सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागलीय तिला. यवतमाळ जिल्ह्यात! उद्या सोमवारी कागदं घेऊन हजर व्हायचं. न्हाई गेली तर नोकरी दुसऱ्याला. घरात कुणाला पत्ता न्हाई. पासवर्ड काय, तर 'साखरा' आन दहावीचं साल. सासरी नांदून माहेराचंच नाव!"

आता मला कळले. तो शिक्क्याचा कागद, ती मेथी, तो बंद फोन. मी विचारले, "आन तिची मूळ कागदं?"

"कपाटात. कुलपात. किल्ली आमच्या घरच्यांपाशी." हे सांगताना त्यांनी छाती पुढे काढली. मग जरा नरमले. "बाई, तुमीच सांगा. पोरगं पुण्याला कंपनीत. सून यवतमाळात. आमी म्हातारा-म्हातारीनं हळद शिजवायची, त्यांचं लेकरू सांभाळायचं, मंग घर म्हणायचं कशाला? आन ते बी जाऊ द्या. मला कुणी इचारलं का? घरचा मोठा मी. मला कुणी इचारलं?"

त्यांचा प्रश्न मला परका वाटला नाही. तो मी रोज या ओट्यावर बसून विचारत आले आहे.

सोनाजीराव रागिणीकडे वळले. "बरं, पुसू नका. तिच्या नावानं एक पत्र तरी धाडा. नोकरी नको म्हणून. तिचं मेल त्यातच उघडं हाय. तुमाला दोन मिंटांचं काम."

"न्हाई, काका."

"मोठ्या बाई, सांगा हिला. चाळीस वर्षांचा घरोबा हाय आपला."

दोघेही माझ्याकडे पाहत होते. मी उठले, लॅपटॉप पोत्यातून सोडवला आणि रागिणीच्या टेबलावर ठेवला.

"मशीन इथं राहील, सोनाजीराव. ज्याची मशीन त्याच्याच हाती, अशी या दुकानाची रीत हाय. काल मी ती मोडली. आज मोडणार न्हाई."

"म्हंजे काल दिली ती चूक?"

"चूक."

हा शब्द मी फाट्यावर, चार माणसांसमोर उच्चारला. टपरीवाला सुद्धा हातातली किटली तशीच धरून बघत राहिला. सोनाजीरावांनी मोटारसायकलला किक मारली आणि ते निघून गेले.

माझ्या त्या एका शब्दाने सीमाचे काय भले होणार होते? मशीन इथे, कागदपत्रे कुरुंद्याच्या कपाटात, आणि सोमवार उद्यावर. मी माऊलीला पिकअप काढायला सांगितली. रागिणीने नक्कल उघडून सोनाजीरावांनी काढून टाकलेले सीमाचे नेमणूकपत्र कागदावर छापून घेतले, दुमडून पाकिटात घातले आणि पाकीट चिकटवून बंद केले. मला ते वाचता येऊ नये म्हणून! मजकूर सोनाजीरावांच्या तोंडून सगळ्या फाट्याने ऐकून झाला होता, तरीही.

लॅपटॉप घेऊन आम्ही तिघे कुरुंद्यात पोचलो, तेव्हा सोनाजीरावांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. तिच्या वासाने डोके भणभणत होते. सोनाजीरावांच्या पत्नी शालूबाई लगबगीने बाहेर आल्या, सतरंजी अंथरली, तांब्याभर पाणी आणले.

"पाणी घेणार न्हाई," मी म्हणाले आणि सतरंजी बाजूला सारून हळदीच्या कडेला एका पोत्यावर बसले.

आमच्याकडे दाराशी आलेली वडीलधारी बाई पाणी नाकारते, तेव्हा त्या घरात काही अघटित झाले आहे असे सगळी आळी समजते. शालूबाईंचा हात तांब्यासकट थांबला. सोनाजीराव बाहेर आले.

"बाई, तुमाला काय पायजे?"

"मी न इचारता तुमच्या सुनेची वस्तू दिली. ती मला माझ्या हातानं तिला परत द्यायची हाय. तिला बोलवा. आन तिचे कागद बी. तवर पाणी न्हाई."

"ऊन लागंल. तुमचं वय—"

"माझं वय मला ठावं हाय."

ऊन डोक्यावर आले. शेजारच्या भिंतीवरून दोन बायका डोकावल्या, मग चार झाल्या. सोनाजीराव तीनदा पाणी घ्या म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी हात जोडले. मी हूं की चूं केले नाही. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण ते मी कोणाला कळू दिले नाही. रागिणी माझ्यावर छत्रीसारखा पदर धरून उभी होती. तिला मी दूर सारले.

शेवटी शालूबाई उठल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढत आत गेल्या आणि कपाटाचे दार वाजले.

"शालू!" सोनाजीराव ओरडले.

"काय शालू?" आतून उत्तर आले. "मोठ्या बाई दारात तहानलेल्या मेल्या म्हंजे निस्तारताल का तुमी?"

शालूबाईंच्या मागून सीमा बाहेर आली. डोळे सुजलेले. हातात कागदांची निळी फाईल. ती छातीशी धरून ती माझ्यासमोर उभी राहिली. मी लॅपटॉप पुढे केला. पण रागिणी मध्ये आली.

"सीमा, चिठ्ठी हाय का?"

त्या क्षणीही! मला वाटले, हिच्या कानशिलात द्यावी. पण सीमाने फाईलच्या कप्प्यातून दुकानाची चिठ्ठी काढून दिली. रागिणीने ती पाहिली, लॅपटॉपच्या पाठीवरची टेप सोलली, तिचे बारीक तुकडे करून सीमाच्या मुठीत ठेवले आणि मगच मशीन दिली. "पासवर्ड आत्ताच बदल," ती म्हणाली. "आन हे तुजं पत्र. नक्कल मी दुकानात गेल्यावर पुसते."

"सीमा," मी म्हणाले, "माझं चुकलं."

तिने माझ्याकडे पाहिले. "आजी, रुजू झाल्यावर मीच सांगणार व्हते. सासऱ्यांच्या पाया पडून सांगणार व्हते. काय बोलायचं ते महिनाभर ठरवून ठिवलं व्हतं. माजं मला सांगू द्यायचं व्हतं." मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आता मी चोर ठरले. नोकरी करीन, पण चोर म्हणूनच करीन."

सोनाजीराव पाठ फिरवून हळद पालथी घालू लागले. मी शालूबाईंच्या हातचे पाणी प्याले.

माऊलीने सीमाला पिकअपमध्ये चल म्हटले. ती नको म्हणाली. आम्ही तिघे परतलो.

यवतमाळकडची गाडी फाट्यावर पाच वाजता येते. साडेचारला सीमा जीपमधून उतरली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात ती निळी फाईल, खांद्याला लॅपटॉप. फाट्यावर गाडीची वाट पाहणारी बाई माझ्या ओट्यावर येऊन बसते. बेचाळीस वर्षांत कोणी उन्हात उभे राहिलेले मला आठवत नाही. सीमा रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी राहिली.

मी हाक मारणार होते. कोणत्या तोंडाने मारू, ते सुचेना. मी माठातले पाणी बाटलीत भरले आणि रागिणीला म्हणाले, "जा, तिला दे. वाटंत लागंल."

रागिणी रस्ता ओलांडून गेली. दोघी काही बोलल्या. सीमाने बाटली हातात घेतली, पुन्हा काहीतरी विचारले, आणि बाटली परत दिली. इतक्यात गाडी आली. सीमा चढली. खिडकीतून तिने रागिणीला हात केला.

रागिणी परत आली आणि भरलेली बाटली तिने ओट्यावर ठेवली.

"काय म्हणली?"

"कुणी दिलं म्हणून इचारलं."

"आन तू?"

"आजीनं दिलं म्हणले."

"अगं, तूच दिलं म्हणून सांगायचं! एवढं एक खोटं तुला बोलता येईना? एवढ्या उन्हातून गेली ती पोरगी!"

"तिनं इचारलं, आजी," रागिणी म्हणाली. "तिला तरी खरं सांगायला नको का?"

ती आत गेली. थोड्या वेळाने तिने आतून सांगितले, की नक्कल पुसली. बाटली माझ्या शेजारी होती. तिच्यावर आलेले पाण्याचे थेंब ओट्याच्या फरशीवर ओघळत होते. मला तहान लागली होती, पण त्या बाटलीला मी हात लावला नाही.